पाचोळ्यातलं पाखरू

गावाकडच्या आमच्या घराची न्हाणी परसात आहे. तिच्या दाराची कडी कधीच गेली. रात्री वीट लावून दार अडवतात. जूनमधली एक पहाट. आदल्या रात्री मृगानं विजा, वारा असा सगळा दंगा करून झाला होता आणि लाईट अर्थातच गेलेली. आई पाणी तापवायला म्हणून परसात गेली आणि तिथूनच ओरडली, "आहो, न्हाणीत काईतरी बसलंय बगा!" दादांना कमी ऐकू येतं. ट्रॅक्टरवर तीस-पस्तीस वर्षं गेली, त्यात कान गेले. ते ओसरीवर चहाची वाट बघत होते, तसेच बघत राहिले. मग मीच मोबाईलचा उजेड घेऊन गेलो.

घंगाळामागं, साबणाचं पाणी मुरून जिथं शेवाळ धरतं त्या कोपऱ्यात, एक मूठभर पाखरू भिंतीकडं तोंड करून उभं होतं. पाय फिकट गुलाबी आणि अंगाच्या मानानं लांब. शेपूट म्हणावं असं काही नाहीच. शिंप्यानं कापड कमी पडलं म्हणून तिथंच आवरतं घ्यावं, तसं. पाठ भिजून काळपट हिरवी झालेली. मी उजेड जरा तिरपा धरला तर ते अर्धं वळलं, आणि खांद्यावर निळ्याचा एक तुकडा लखकन पेटला. डोळ्यावरून मागं मानेपर्यंत काळी पट्टी, तिच्यावर पांढरी भुवई, गळा पांढरा. उडायचा प्रयत्न त्यानं केला नाही. फक्त पोट खालीवर होत होतं.

"मरतंय का?" दादा तोवर मागं येऊन उभे राहिले होते.

"नाही. थकलंय."

"मंग डालं आण. मांजर हाय."

कोंबड्या झाकायचं डालं आणलं, त्यावर गोणपाट टाकलं, आत वाटीत पाणी ठेवलं. आईनं ज्वारीचे चार दाणे टाकले. त्यानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. किडे-गांडुळं खाणाऱ्यापुढं ज्वारी टाकणं म्हणजे परगावच्या पाहुण्यापुढं मासिक ठेवण्यासारखं. पण आईचं समाधान झालं.

सकाळी कामाला आलेल्या बायांपैकी एकीनं गोणपाटाचा कोपरा उचलून आत पाहिलं. ती नवऱ्याबरोबर दर साली तोडीला जाते. दिवाळी झाली की कारखान्यावर, आणि ऊन तापलं की परत. "लगीनघरचं दिसतंय," ती म्हणाली. मग थोडा वेळ बघून, "ह्याची टोळी पुढं गेली का काय?"

मी तिला सांगितलं, की हे एकटंच चालतं, तेही रात्रीचं. थंडी काढायला दक्षिणेत जातं, तामिळनाडू, केरळ, पार लंकेपर्यंत. मे-जूनमध्ये पावसाच्या पुढंमागं उत्तरेला सरकतं. सह्याद्रीत, सातपुड्यात, मध्य भारताच्या डोंगरात, काही तर हिमालयाच्या पायथ्याला जाऊन घरटी करतात. पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर लागला की खाली. वजन कोंबडीच्या एका अंड्याएवढं, आणि तेवढ्यावर हजार-दीड हजार किलोमीटर.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उचल किती घेतली व्हती त्यानं?"

सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

संध्याकाळी आम्ही डालं बागेत नेलं आणि कडेच्या झाडाखाली उचललं. मला वाटलं होतं, भुर्रकन जाईल. ते गेलं नाही. दोन उड्या मारून थांबलं, आखूड शेपटी सावकाश खालीवर केली, चोचीनं एक पान उलटलं, खाली बघितलं, आणि पायी चालत बागेत शिरलं. बागवानच आहे जणू. तीन दिवस ते तिथंच राहिलं. ते का राहिलं, हे मला त्या तीन दिवसांत कळलं, आणि त्यासाठी मोसंबीची गोष्ट सांगावी लागेल.

जालना जिल्हा म्हणजे सळया, बियाणं आणि मोसंबी. इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही आहे. डोंगर म्हणाल तर उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडं अजिंठ्याच्या रांगा. आम्हा बदनापूरच्या बाजूच्या लोकांना डोंगर म्हणजे राजूरच्या गणपतीची टेकडी, अंगारकीला रात्रभर पायी चालून चढायची. जिल्ह्याचं क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर, त्यात जंगल शंभरात एक वाटासुद्धा जेमतेम. डोंगराच्या जंगलातल्या पाखरानं इथं मुक्काम करावा असं वरून बघितलं तर काहीच नाही. खाली काळी माती, मुरूम आणि मध्येच बागांचे हिरवे चौकोन.

आमच्या बागेत तीनशे वीस झाडं होती. दादांची बाग म्हणजे आरसा. आळ्यात पान पडलेलं त्यांना खपायचं नाही. बाया लावून आठवड्याला बाग झाडून घ्यायची, पाला बांधावर नेऊन पेटवायचा, आळी कुदळून लोण्यासारखी करायची. रस्त्यानं जाणारा माणूस सायकल थांबवून बघायचा, आणि दादा ते बघतोय हे बघायचे.

मग २०१२ चा पावसाळा आला आणि आलाच नाही. हिवाळ्यात विहिरींनी तळ दाखवला, बोअर फुसफुसायला लागले. जालना शहरात नळाची वाट आठवडा-पंधरवडा बघत होते, तिथं झाडाला कोण पाणी देणार? बागाईतदारांनी टँकर लावले. आम्हीही लावले, आईचे दोन दागिने त्या पाण्यात गेले. मोसंबीला बहार धरायला मुद्दाम ताण देतात, पाणी तोडतात, पानं मलूल झाली की पाणी सोडतात आणि झाड घाबरून फुलतं. त्या साली ताण दिला गेला आणि सोडायला पाणीच नव्हतं. पानं शंखासारखी वळली, पिवळी पडली, शेंड्याकडून फांद्या वाळत खाली आल्या. एरवी सल काढतात, त्या वर्षी झाडं काढली. २०१३ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात करवतीचा आवाज गावोगाव होता. आमची एकशे ऐंशी झाडं वीटभट्टीला गेली. दादा त्या दिवशी शेतात आले नाहीत. घरी बसून त्यांनी रेडिओचे सेल काढले, पुसले, परत घातले.

उरलेली एकशे चाळीस जगवायची म्हणून कुणीतरी सांगितलं, आच्छादन करा. दादांनी तुरीचं भुसकट, सोयाबीनची गुळी, बांधावरचं वाळलं गवत, मिळेल ते आळ्यात अंथरलं. झाडायचं बंद केलं. पडलेलं पान पडल्या जागी राहू लागलं. त्यांना ते मनापासून आवडत नसे. पाहुणे आले की आधीच खुलासा करायचे, "ओल धरावी म्हणून ठिवलंय, न्हाईतर आपली बाग अशी नसती." गावात म्हणत, दादा थकले, आता बाग झाडवत नाहीत.

पावसानं पुढं हात दिला तरी आच्छादनाची सवय राहिली. वर्षावर वर्षाचा थर बसत गेला. आज तिथं हात घातला तर वरचा पाला कोरडा, कुरकुरीत. बोटभर खाली तोच पाला मऊ आणि चहाच्या चोथ्याच्या रंगाचा. त्याखाली बुरशीची पांढरी जाळी, वाणी, गोमा, वाळवी, आणि मातीला लागून गांडुळं. वास वेगळा. मी तो वास पहिल्यांदा मेळघाटात घेतला होता आणि इथं तो आला तेव्हा क्षणभर मी कुठं आहे ते उमगेना.

न्हाणीतल्या त्या पाखराला, म्हणजे नवरंगाला, हेच हवं होतं. जंगल म्हटलं की आपण मान वर करतो, झाडं किती उंच ते बघतो. हा पक्षी आयुष्यभर खाली बघतो. त्याच्या लेखी जंगल जमिनीपासून वीतभर उंच आहे. झाडं वर आहेत ती सावली धरायला आणि पानं गाळायला. दुष्काळाला भिऊन, मन मारून, दादांनी जे केलं त्यातून एकशे चाळीस झाडांखाली जंगलाची एक पातळ पट्टी तयार झाली होती, आणि हजार किलोमीटरवरून रात्रीच्या अंधारात आलेल्या एका पाखराला ती सापडली. म्हणजे आधी न्हाणी सापडली, मग ती सापडली. न्हाणीतही शेवाळ होतं म्हणा.

तीन दिवस मी मोटारीच्या खोलीच्या पायरीवर बसून काढले. ऑफिसात आजारपणाची रजा टाकली. त्याबद्दल फारसं वाईट वाटत नाही. मोसंबीच्या बुंध्याला मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो पेस्ट लावलेलं असतं, डिंक्या लागू नये म्हणून; आणि त्याचसाठी बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवून पलीकडं आच्छादन करतात. त्या मोकळ्या कड्यावर, जिथं पाचोळा संपतो आणि माती दिसते, नवरंग काम करायचा. दोन उड्या, थांबणं. मान तिरकी. पान चोचीत धरून बाजूला फेकणं, नीट ठेवणं वगैरे नाही, कागद भिरकावल्यासारखं. पुन्हा थांबणं. मग झटक्यात चोच मातीत, आणि गांडूळ ताणून ताणून बाहेर. निळसर बुंध्याशेजारी त्याचा निळा खांदा आला की दोन्ही निळे शेजारी दिसत, आणि बुंध्याचा अगदी गरीब वाटे.

मोरचुदाचा निळा पाण्यात उतरतो, हाताला लागतो, धोतराला लागला तर आई बोलते. नवरंगाच्या पिसात निळा रंग भरलेला नसतोच. पिसाच्या आतली वीण इतकी बारीक असते, की तिच्यावर आदळून उजेड विखुरतो आणि त्यातला निळा तेवढा आपल्याकडं परततो. ते पीस कुटून पूड केली तर निळी पूड होणार नाही. न्हाणीतल्या अंधारात तो काळपट होता, मी उजेड तिरपा धरला म्हणून पेटला. त्याचं कारण हे.

नावात नऊ रंग आहेत म्हणून मी मोजायला बसलो. पाठीचा हिरवा. खांद्याचा निळा. डोळ्यावरचा काळा. गळ्याचा पांढरा. डोक्याचा बदामी. पोटाचा फिकट पिवळट, भाजल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा. शेपटीखालचा किरमिजी. पायाचा गुलाबी. आठ झाले. नववा सापडेना. बुटक्या शेपटीच्या टोकाला निळा आहे, पण तो मोजून झालेला. उडताना पंखात पांढरा डाग दिसतो, तोही मोजलेला. आपल्याकडं नऊ म्हणजे पुष्कळ, नवलाख तारे कुणी मोजलेत, असं म्हणून मी सोडून दिलं. पण खरी गंमत अशी, की आठ रंग असून तो दिसत नाही. वरून बघणाऱ्या शिकऱ्याला फक्त हिरवी पाठ दिसते, आणि झाडाखालच्या कवडशात ती पाठ म्हणजे मोसंबीची नवी फूट. किरमिजी रंग पोटाखाली, तो वाकला तरच दिसणार. निळा तर उजेडाच्या मर्जीवर. मी समोर बघत असताना, सहा हातांवरून, तो कितीदा तरी नाहीसा झाला. पान हललं की परत सापडे. सिंहली लोककथेत म्हणे मोरानं याची वस्त्रं उसनी नेली आणि परत केलीच नाहीत, म्हणून तो संध्याकाळी गाऱ्हाणं घालतो. लग्नाला साडी उसनी नेलेल्या कुठल्याही घरात ही गोष्ट पटावी.

त्याचं शास्त्रीय नाव पिट्टा ब्रॅक्युरा. दुसऱ्या शब्दाचा अर्थ आखूड शेपटीचा. पहिला शब्द तेलुगू. पिट्ट म्हणजे नुसतं लहानसं पाखरू. निजामाच्या राज्यात जालना आणि तेलंगण एकाच छत्राखाली होते, माझे आजोबा उर्दूतून शिकले आणि कामापुरतं तेलुगू बोलत. वरंगळकडच्या एखाद्या म्हाताऱ्यानं अंगणात दाणे टिपणाऱ्या कशाकडंही बोट दाखवून म्हणावं, ते पिट्ट. आणि तोच शब्द जगभरच्या पुस्तकांत एका आख्ख्या कुळाचं नाव होऊन बसला. त्याआधी, १७६६ मध्ये, लिनियसनं याला चक्क कावळ्यांत बसवलं होतं: आखूड शेपटीचा कावळा. लांबून, कातडं बघून नावं ठेवायची म्हटल्यावर असं व्हायचंच. सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. पाखरांना यातलं काही कळवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बोलला. बोलला म्हणजे एक शीळ, दोन तुकड्यांची: पहिला वर चढणारा, दुसरा खाली सोडून दिलेला. मधे जरा दम खाऊन परत तीच. शीळ घालताना तो छाती ताठ करतो, मान मागं टाकतो, चोच आभाळाकडं. अंग एवढंसं, पण आवाज बागेच्या पार दुसऱ्या टोकाला. तमिळमध्ये त्याला सहा वाजताचं पाखरू म्हणतात, कारण पहाटे आणि दिवेलागणीला बोलतो. मी घड्याळ बघितलं. पावणेसात झाले होते. पण जूनमध्ये आमच्याकडं दिवस मावळायलाच सात वाजून जातात, त्यामुळे हिशेब बरोबरच म्हणायचा.

पक्षीशास्त्राच्या काटेकोर भाषेत याला गाणारा पक्षी म्हणत नाहीत, हे मला बरेच दिवस लागून राहिलं होतं. दयाळ, चंडोल ही खरी गाणारी मंडळी. त्यांच्या गळ्यातलं यंत्र गुंतागुंतीचं, आणि ती बापाचं, शेजाऱ्याचं ऐकून गाणं शिकतात. ऐकायला मिळालं नाही तर त्यांचं गाणं बिघडतं. नवरंग दुसऱ्या, साध्या गळ्याच्या शाखेतला. या शाखेतल्या अमेरिकेतल्या फीबी नावाच्या पाखरावर प्रयोग झाले. पिल्लांना ऐकूच येऊ दिलं नाही, तरी मोठी झाल्यावर ती जातीचं गाणं बरोबर गायली. शीळ जन्मानंच आलेली. गुरू नाही, घराणं नाही, कान नसला तरी चालतं. संगीताच्या मैफलीत बसणारे लोक याला कमी लेखतील. मला त्या तीन दिवसांत ती शीळ कमी वाटली नाही.

चौथ्या दिवशी पहाटे तो नव्हता.

मेळघाटात मी नवरंगाचं घरटं पाहिलं आहे, जुलैत, सेमाडोहच्या वाटेवर. सोबतच्या माणसानं दाखवलं नसतं तर पुरात वाहून आलेला कचरा फांदीच्या बेचक्यात अडकलाय असं समजून पुढं गेलो असतो. काटक्या, मुळ्या आणि वाळल्या पानांचा फुटबॉलएवढा गोळा, बाजूला एक गोल तोंड. आत चार-पाच अंडी असतात, चकचकीत पांढरी, जांभळट ठिपक्यांची. आम्ही जवळ गेलो नाही. चहूकडून तीच दोन तुकड्यांची शीळ येत होती, एकाची संपली की दुसऱ्याची. मला आमच्या बागेतला एकटा आठवला, उत्तराची वाट बघून पुन्हा शीळ घालणारा.

परतीच्या वाटेवरचा एक मला मेलेला सापडला, ऑक्टोबरात, शहराबाहेर बायपासला नव्यानं झालेल्या एका काचेच्या इमारतीच्या पायऱ्यांवर. रात्रभर दिवे जळतात तिथं. मान मोडली होती, रंग सगळे जागच्या जागी. पहारेकऱ्यानं सांगितलं, या दिवसांत दोन-तीन मिळतातच, झाडून टाकतो. मी तो रुमालात गुंडाळून गावी नेला आणि बागेत, आच्छादन बाजूला सारून पुरला. दादांनी विचारलं काय ते. सांगितलं. त्यांनी काढलेला पाचोळा पायानं परत वर सारला आणि नीट दाबला.

यंदा मी जूनमध्ये जाऊ शकलो नाही. मृग लागून आठवडा झाला होता, जालन्याला नुसतं ढगाळ, उकाडा. संध्याकाळी फोन वाजला. दादा फोन करत नाहीत. आई लावून देते आणि ते ओरडून बोलतात.

"आलंय," ते म्हणाले.

"कुठं?"

"तिसऱ्या ओळीला. त्या बाईनं बघितलं आधी. झाडायला आली व्हती कडेचं, मी म्हनलं ऱ्हाऊ दे आता, पंधरा दिस हात लावू नको." मग थोडा वेळ नुसता वारा. "चोच वर करतंय. मान मागं टाकतंय. मला काय ऐकू येईना. बोलतंय का रे ते?"

त्यांनी फोन कानापासून काढून बागेकडं धरला असावा, कारण त्यांचा श्वास लांब गेला. मोटारीची घरघर होती, कुणाची तरी गाय होती, दूर रस्त्यावर ट्रॅक्टरवरचं गाणं. आणि त्यातून, पातळ झालेली, पण तीच: एक वर चढणारी, एक सोडून दिलेली.

फोन परत कानाला आला तसं मी ओरडून सांगितलं, "बोलतंय!"

"किती येळा?"

"मोजलं नाही."

"मोज," म्हणाले, आणि फोन पुन्हा तिकडं धरला.